अंधारातील उतरण
सावरगावाहून फार दूर नसलेल्या नागपुरास १९४९ सालापासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील टपालविमाने मध्यरात्री एकत्र येत असत. अंधारात वैमानिकाला नकाशाचाच आधार. अमेरिकेतील वैमानिक एल्रे जेपसन याने विमानतळांची व अडथळ्यांची टिपणे वहीत उतरविली. १९३४ पासून ती विकली जाऊ लागली. आज जेपसनचे नकाशे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नकाशे यांची मांडणी भिन्न आहे. तथापि विमानाचा वर्ग दोहोंतही उतरतानाच्या वेगावरूनच ठरतो : ९१ नॉटांखाली ‘ए’, १२१ ते १४० नॉट ‘सी’. वेगवान विमान घेर मोठा घेते. म्हणून धावपट्टीभोवती वळताना त्याने सहसा अधिक उंची राखावी लागते. नकाशा कोणाचाही असो, आपल्या वर्गाचा आकडा चुकला, तर प्रवाशांच्या प्राणांशीच गाठ पडते.