मामाच्या मांडीवर

जरा सरकून बसा. आता तुम्ही तीन वर्षांचे आहात आणि बैलगाडी खडखडत धुळ्याकडे निघाली आहे. खाली कडबा, वर गोधडी, शेजारी चुलीच्या धुराचा वास मुरलेलं आजीचं लुगडं. साल कुठलं ते विचारू नका, आजीलाही सांगता येणार नाही. तिच्या लेखी तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलात, एवढं पुरे. तारीख पुढे शाळेतले मास्तर घालतील, बहुतेक 1 जून.

मान घामेजली ना? हात लावून बघा, वेणी आहे. नवसाचं जाऊळ, जन्मापासून कात्री लागलेली नाही. गल्लीतली पोरं 'पोरगी, पोरगी' म्हणून चिडवतात, ते आज संपणार. जाऊळ काढायला विषम वर्ष पाहिजे म्हणून तिसरं धरलंय.

पांझरेच्या काठी, देवपुरात एकवीरादेवीची चैत्रातली यात्रा भरली आहे. तुमच्या उंचीवरून नुसते पाय दिसतात: भेगाळलेल्या टाचा, जोडवी, धुळीने पांढऱ्या पडलेल्या वहाणा. नारळ फुटतात. ढोल पोटात वाजतो. तापलेली धूळ, धूप आणि कढईतलं तेल एकदमच नाकात शिरतं.

तेवढ्यात मामा तुम्हाला उचलून मांडीवर दाबून बसवतो. त्याच्या हाताला तंबाखूचा वास, धोतर नवं, करकरीत. नाभिकदादा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासतात. गार पाणी कानामागून पाठीत उतरतं. समोर आत्या पदर पसरून बसली आहे. एक केसही जमिनीवर पडू द्यायचा नाही. तुम्ही टाहो फोडता, मामा पकड आवळतो, "रडू नको भाऊ, व्हई गयं!" म्हणतो आणि अजून अर्धं डोकं बाकी असतं.

मला हा दिवस फार मोलाचा वाटतो. इथे कोणी नुसता बघ्या नाही. मामाची मांडी, आत्याचा पदर आणि आईबापाचा नवस, यातलं एक जरी नसलं तरी जाऊळ निघत नाही.

मग उघड्या टाळूला पहिल्यांदा वारा लागतो. हळदीचा गार लेप, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर मामाने आणलेली टोपी. निंबाखाली तीन दगडांवर खापर उपडं घातलंय. काकू पुरणाची पोळी हातांवरच फिरवत कोपरापर्यंत वाढवते आणि अलगद खापरावर टाकते. तूप भरपूर मागा, आज कोणी नाही म्हणणार नाही.

आजही चैत्रात इथे जावळं काढायला लोक येतात. यायचं असेल तर सकाळी लवकर या, दुपारचं खान्देशी ऊन कोवळ्या टाळूला सोसत नाही.