दोरी आणि दृष्टि

गोल्फच्या खेळांत चेंडू हलकेच भोकांत लोटण्याच्या टोल्यास ‘पट’ म्हणतात. हें भोक केवढें? स्कॉटलंडांतील मसलबर्ग येथें १८२९ सालीं केलेल्या भोक पाडण्याच्या हत्याराचें माप सव्वाचार इंच होतें. १८९१ सालीं सेंट अँड्र्यूजच्या क्लबानें तेंच नियमांत घातलें. सपाट हिरवळीवर दहा फुटांवरून नेम अवघा एक अंश चुकला, तर चेंडूचा मध्य दोन इंच सरकून भोकाच्या कांठावर येतो. आणि चेंडूच्या बाजूस उभ्या राहणाऱ्या खेळाडूची नजर तर सहज फसते. म्हणून सरावाच्या वेळीं भोकापर्यंत दोरी ताणतात, किंवा खडूची रेघ मारतात. २००१ सालीं ओडिसी कंपनीनें पट मारण्याच्या काठीच्या माथ्यावरच चेंडूएवढ्या दोन पांढऱ्या चकत्या ओळीनें बसविल्या.

सामन्यांत मात्र दोरी वर्ज्य. २०१९ च्या नियमांनीं चेंडूवर काढलेली रेघ राहूं दिली. पण खेळाडू पवित्रा घेऊं लागल्यावर मागें उभें राहून नेम जुळवून देण्यास काठ्या वाहणाऱ्या कॅडीस मनाई केली. कारण नेम धरणें हीच येथें परीक्षा होय. दोरीनें नजरेस शिकवावें. तिची जागा घेऊं नये.