हळेबीडपासून झूम भिंगापर्यंत : रुंद दृश्याचा शोध

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम 'शहाजीराजांचे बंगळूर' हाच विषय मनात आला. परंतु त्यावर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आपल्यात आहेत. मी केंद्र सरकारच्या सेवेत फायली चाळण्यात उमेद घालविलेला मनुष्य, बी. ए.ला इतिहास होता आणि छायाचित्रणाचा छंद आहे, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा या दोहोंना जोडणारा एक लहानसा विषय घेतला आहे. त्याचे निमित्त घरातच घडले.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाहून चुलतभावाचा दूरध्वनी आला. वडिलोपार्जित घराच्या भिंती फुगल्या आहेत, पुढच्या पावसाळ्यापूर्वी घर उतरवावे लागेल, दिवाळीत एकदा येऊन पाहून जा, असा निरोप होता. इतकी वर्षे दूर राहिलेल्याने या निर्णयाला हरकत कोणत्या तोंडाने घ्यावी? मुलगी म्हणाली, "बाबा, निदान सगळं घर एका फोटोत मावेल असं एखादं वाइड अँगल झूम घेऊ या." तिची मागणी रास्त होती. त्या घराचे वडिलांच्या वेळचे एकच छायाचित्र आमच्याजवळ आहे. समोरच्या अरुंद बोळातून घेतल्यामुळे त्यात अर्धी ओटी आणि दाराची एक फळी एवढेच दिसते. मात्र कोणते भिंग घ्यावे या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता येईना. ते शोधताना मी सवयीने इतिहासाकडे वळलो, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या बंगळुरातच उघडते, असे ध्यानात आले.

लिनियस ट्राइप हा कंपनी सरकारच्या मद्रास लष्करातील अधिकारी १८५४ साली बंगळूरच्या छावणीत होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात अँड्र्यू नील या लष्करी डॉक्टरासह तो हळेबीड आणि बेलूर येथे गेला. होयसळांच्या त्या मंदिरांची त्याने घेतलेली छायाचित्रे १८५५ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेवरून परतल्यावर तेथील चित्रांच्या प्रती त्याने बंगळुरातच काढल्या. आज आपण ज्या गावात खिशातून दूरध्वनी काढून क्षणात चित्र टिपतो, त्याच गावात कागदी निगेटिव्हवरून उन्हात एकेक प्रत छापण्याचा तो उद्योग महिनोन्‌महिने चालला होता.

याच सुमारास मुंबईतही ही कला रुजत होती. १८५४ मध्येच तेथे 'फोटोग्राफिक सोसायटी'ची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. मुंबई सरकारने याच वर्षी बिग्ज या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे या बाजूची शिल्पे टिपण्यास धाडले, त्याच्यामागून डॉ. पिगू यांनी ते काम चालविले. या दोघांची आणि नील यांची चित्रे धारवाड व म्हैसूरच्या वास्तुकलेवरील एका भव्य ग्रंथात १८६६ साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रांतांचे छायाचित्रण असे जन्मापासूनच एकमेकांच्या अंगणात वाढले आहे.

या सर्वांपुढे अडचण एकच होती. डोळा भिरभिरतो, मान वळते, त्यामुळे मंदिर आपल्याला सबंध पाहिल्यासारखे वाटते. भिंगाला मान नसते. त्या काळच्या भिंगांनी पुरेसा स्पष्ट असा दृश्याचा लहानसाच भाग पकडता येई. मागे सरावे, तर प्राकाराची भिंत पाठीला लागे. ही अडचण ट्राइपने १८५८ मध्ये तंजावरला ज्या रीतीने सोडविली, ती मला या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावर राजराज चोळाच्या काळापासूनचे तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. दूर उभे राहून ते टिपावेत तर अक्षर लागत नाही; जवळ जावे तर लेखाचा एक तुकडाच मावतो. ट्राइप जवळ गेला. भिंतीपासूनचे अंतर कायम राखून तो कॅमेरा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवीत राहिला आणि २१ प्रती एकापुढे एक जोडून त्याने सुमारे १९ फूट लांबीचे एक सलग चित्र सिद्ध केले. सरकारी छायाचित्रकार म्हणून त्याने हे काम केले. पुढे १८५९ मध्ये मद्रासला नवे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन आले आणि हा खर्च म्हणजे चैन आहे, असे ठरून ते खातेच बंद पडले. खर्चावर शेरे मारण्यात आणि झेलण्यात नोकरी गेलेल्या मला यात नवल वाटले नाही. वाईट मात्र वाटले.

रुंद दृश्य एकाच चित्रात पकडण्याचा ध्यास इतरत्र चालूच होता. १८५९ मध्ये इंग्लंडात टॉमस सटन याने दोन काचांच्या मधल्या पोकळीत पाणी भरलेले भिंग केले; परंतु त्याचे चित्र वक्र पडत असल्याने काचेच्या पट्ट्याही वक्रच लागत. १९०० साली जर्मनीतील गर्झ कंपनीचे 'हायपरगॉन' आले. ते सुमारे १३५ अंशांचा पल्ला घेई, मात्र चित्राच्या कडा काळवंडत. त्यावर तोड म्हणून भिंगासमोर एक इवलेसे चांदणीच्या आकाराचे चक्र बसविलेले असे. रबरी फुग्याने हवा मारून ते फिरवायचे, म्हणजे मधला प्रकाश अडून कडांना अधिक वेळ मिळे. ही युक्ती वाचताना मला जत्रेतले भिरभिरे आठवले.

पुढे आरशाचे कॅमेरे आले आणि नवीच अडचण उभी राहिली. रुंद भिंगाचे नाभीय अंतर कमी, म्हणून ते फिल्मच्या अगदी निकट असावे लागे. पण मधे तर हलणारा आरसा! १९५० मध्ये फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने भिंगाच्या पुढच्या बाजूस प्रकाश फाकविणारी अंतर्गोल काच योजून ही कोंडी फोडली. आता भिंग आरशापासून दूर ठेवूनही रुंद दृश्य मिळू लागले. स्थिर छायाचित्रासाठी झूम भिंग आले ते १९५९ मध्ये. फ्रँक बॅक याने योजलेल्या त्या 'झूमार'चा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर होता. १९६३ मध्ये निकॉनचे ४३ ते ८६ चे झूम निघाले. खऱ्या अर्थाने रुंद झूमसाठी मात्र आणखी दीड दशक थांबावे लागले. कॅननचे २४ ते ३५ चे १९७८ मध्ये आणि निकॉनचे २५ ते ५० चे १९७९ मध्ये आले.

हा विलंब का झाला? झूममध्ये काचांचे गट आत-बाहेर सरकतात. एका टोकाला सरळ खांब पिंपासारखे बाहेर फुगतात, दुसऱ्या टोकाला आत दबतात. एक दोष आवरावा तर दुसरा डोके काढतो. शिवाय काचा अनेक, त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होऊन चित्रावर पांढुरकी झाक येते. काचेवर चढविण्याचे अनेकपदरी लेप, गोलाकाराहून वेगळ्या वळणाची पृष्ठे आणि संगणकावर होणारी गणिते, या तिहींनी मिळून हा प्रश्न सोडविला. आपल्याकडे मात्र १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात असे भिंग म्हणजे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानाकडे डोळे लावून बसण्याचीच वस्तू होती. याच बंगळुरात १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'यूथ फोटोग्राफिक सोसायटी'सारख्या संस्थांतून हौशी लोक शिकत राहिले, ही त्यांची चिकाटी.

आता निवडीविषयी. पूर्ण आकाराच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या चौकटीवर, ५० मिलिमीटरचे भिंग कर्णाकडून मोजल्यास सुमारे ४७ अंश पाहते, २४ चे ८४ अंश आणि १६ चे १०७ अंश. लहान चौकटीच्या कॅमेऱ्यावर साधारण दीडपटीचा हिशेब धरावा. तेथे १० ते २० चे भिंग १५ ते ३० चे काम देते. निसर्गदृश्यासाठी छिद्र बहुधा एफ ८ किंवा ११ वर ठेवावे लागते. म्हणून एफ २.८ च्या जड आणि महाग भिंगापेक्षा एफ ४ चे हलके भिंग प्रवासात सोयीचे. गडाची चढण चढताना खांद्यावरचा अर्धा किलोही जाणवतो. सूर्य चौकटीच्या कडेला असता चित्र पांढुरके पडते का, आणि पुढे साधी सपाट गाळणी लावता येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आणखी एक सूचना आपल्या गणेशोत्सवाच्या समूहचित्रासाठी : अति रुंद भिंगात कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात. कार्यकारिणीतील ज्येष्ठांना मध्येच उभे करावे, हे सर्वांच्याच हिताचे.

परंतु एवढ्याने निवड पुरी होत नाही, हे मला तंजावरनेच शिकविले. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे बंगळूरहून जाऊन १६७६ च्या सुमारास जेथे स्थिरावले, ते हे तंजावर. मी एका सहकाऱ्याचे १६ मिलिमीटरचे भिंग मागून नेले होते. अंगणाच्या टोकाला उभे राहून नंदी, विमान, आकाश असे सर्व एकाच चित्रात घेतले आणि धन्य झालो. घरी आल्यावर पाहतो तो चित्रात निम्मे आकाश, निम्मी फरशी आणि मध्ये बोटभर मंदिर! यात भिंगाचा अपराध नव्हता. दूरची वस्तू १६ च्या भिंगात ५० च्या तुलनेत एकतृतीयांशाहूनही लहान उमटते. जवळचे आणि दूरचे यांचे नाते भिंग ठरवीत नाही. ते आपली उभे राहण्याची जागा ठरविते. रुंद भिंग घेऊन जो मागे सरतो त्याच्या हाती पोकळी येते. त्याने पुढे जायचे असते.

याहून मोठी चुटपुट दुसरीच होती. त्याच मंदिराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला आहे. मायभूमीपासून शेकडो मैल दूर राहिलेल्या एका मराठी कुळाने आपण कोण, कोठून आलो, हे दगडावर लिहून ठेवले. तो माझ्या एकाही चित्रात वाचता येण्याजोगा नव्हता. सगळे मावविण्याच्या नादात वाचण्यासारखे होते तेच निसटले.

म्हणून मुलीसाठी १६ ते ३५ चे, एफ ४ चे भिंग घेतले, तेव्हा तिला ट्राइपची ही कथा आणि माझी फजिती, दोन्ही सांगितल्या. दिवाळीत गावी गेलो. तिने बोळातून १६ वर सबंध घर घेतले, ते मावलेही. मग ती आत गेली आणि उरलेला दिवस बहुतेक २४ ते २८ च्या दरम्यान काम करीत राहिली. उंबरठा पुढ्यात, त्यापलीकडे माजघर, त्याच्याही पलीकडे परसदारातला उजेड, असे एक चित्र तिने जमिनीलगत बसून काढले. त्या जागी मी लहानपणी शेकडो वेळा बसलो होतो. पण ते घर मी असे कधी पाहिले नव्हते.

माजघराच्या एका भिंतीवर घरातील लग्नांची नावे व मित्या गेरूने लिहिलेल्या होत्या, चार पिढ्यांच्या. चुना उडून काही ओळी पुसट झाल्या होत्या. मुलीने भिंग ३५ वर ठेवले, भिंतीपासून चार पावलांवर फरशीवर खडूने रेघ आखली आणि त्या रेघेवरून सरकत सरकत अकरा चित्रे घेतली. घरी परतल्यावर ती संगणकावर जोडली. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची मिती भिंतीवर मला कधी लागली नव्हती. जोडचित्र मोठे करून पाहिल्यावर ती लागली.

मे महिन्यात घर उतरले. भाऊबंदांना मी सर्व चित्रे पाठविली. बोळातल्या चित्राची वाखाणणी सर्वांनी केली. छापील प्रत मात्र प्रत्येकाने भिंतीचीच मागितली.

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची गावाकडील घरे अजून उभी आहेत. येत्या सुटीत जाल तेव्हा भिंग कोणतेही असो, अगदी दूरध्वनीतले का असेना, एक चित्र सबंध घराचे घ्या आणि मग आत जा. भिंतींवर, दाराच्या चौकटींवर, ताम्हनांवर, हंड्यांच्या कडांवर नावे कोरलेली असतील. ती जवळून, वाचता येतील अशी घ्या. मंडळाने अशा चित्रांचा एक संग्रह ठेवावा, अशी कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे. पहिली अकरा चित्रे देण्यास आम्ही तयार आहोत.