विद्यापीठातील व्याख्यानांचे दिवस

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. तत्पूर्वी येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. चर्चासत्रांत अभ्यासकांपुढे शोधनिबंध वाचले जातात. जाहीर व्याख्याने मात्र सर्वसामान्य श्रोत्यांसाठी असतात. वर्धापनदिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन ही त्यांची प्रमुख निमित्ते होत. नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये संमत केला. प्रत्यक्ष नामविस्तार १९९४ मध्ये झाला. दरम्यानच्या सोळा वर्षांच्या संघर्षात अनेकांनी प्राण गमावले. त्यामुळे या दिवसाचे व्याख्यान निव्वळ औपचारिक उरत नाही. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. छत्रपती संभाजीनगरातील जिज्ञासूंनी श्रोत्यांत बसून त्याचे उत्तर द्यावे.