संख्यावाचन आणि आकलन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेतली जात असे. बाजारहिशेबास ती उपयुक्त होती. परंतु पाव म्हणजे काय, हे मुलास उमगलेच असेल असे नाही. पाठांतर की आकलन, हा प्रश्न २०१९ मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे वाचन देण्यात आले. २७ लिहिताना दशक आधी, उच्चारताना मात्र एकक आधी येतो. एकोणतीस तर त्याहून अवघड : अंक विशीतले, उच्चार तिसाचा. ही उलटापालट बालकांना अडखळविते, अशी गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती. भाषा बिघडेल म्हणून गदारोळ झाला. विधानसभेतही पडसाद उमटले. जुने शब्द पुस्तकातून वगळलेलेच नव्हते, याकडे मात्र टीकाकारांचे दुर्लक्ष झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.