लघुमूर्तींतून साकारणारे रणांगण

युद्धाचा इतिहास ग्रंथांतून वाचता येतो आणि नकाशांवरून अभ्यासता येतो. परंतु एका विशिष्ट घटकेला रणभूमीवर कोण कोठे उभे होते, जमीन कशी होती आणि कोणाला काय दिसत होते, हे एका दृष्टिक्षेपात दाखविण्याचे सामर्थ्य युद्धदृश्याच्या त्रिमितीय प्रतिकृतीत असते. सैनिकांच्या लघुमूर्ती, तोफा, घोडे, झाडे आणि घरे यांच्या साह्याने उभारलेल्या अशा दृश्याला 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द फ्रान्समधून आला. लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिसमध्ये भव्य पारदर्शक चित्रपटांवर प्रकाशाचे खेळ करून दृश्ये दाखविण्यास प्रारंभ केला, त्या प्रयोगाचे हे नाव. पुढे ते काचेच्या पेटीत किंवा मेजावर मांडलेल्या लघुदृश्यांना मिळाले.

ही कला वरवर पाहता चिकाटीची आणि हस्तकौशल्याची वाटते. वस्तुतः तिचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. काय दाखवायचे आणि काय वगळायचे, या निर्णयात कलावंत नकळत इतिहासकाराची जबाबदारी स्वीकारतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने घडविलेली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती.

सायबोर्नचा ध्यास

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. सायबोर्न त्या लढाईत नव्हता. मात्र भूप्रदेशाची मोजणी आणि उठावाचे नकाशे या विषयांवर त्याने ग्रंथलेखन केले होते. १८३० मध्ये त्याच्याकडे या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. रणांगणाच्या मध्यभागी असलेल्या ला ए सँत या शेतवाडीत सुमारे आठ महिने मुक्काम करून त्याने तेथील जमीन मोजली. त्यानंतर लढाईतील हयात ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठविली. सायंकाळी सुमारे सात वाजता, म्हणजे नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डने अखेरचा हल्ला चढविला त्या सुमारास, तुमची तुकडी कोठे होती, तिची रचना कशी होती आणि त्या शेतात कोणते पीक उभे होते, असे त्याचे प्रश्न होते. शेकडो उत्तरे आली. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एका प्रतिकृतीसाठी जमविलेली ही माहिती आज वॉटर्लूच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरली आहे.

१८३३ मध्ये सरकारने पैसा देणे थांबविले. सायबोर्नने कर्ज काढून काम चालू ठेवले. एकूण खर्च सुमारे ३ हजार पौंडांवर गेला. १८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली. सुमारे ७५ हजार धातूच्या मूर्ती असलेले हे रणांगण पाहण्यास लाखभर प्रेक्षक आले. पण त्याच्या आर्थिक विवंचना संपल्या नाहीत. १८४९ मध्ये त्याचे निधन झाले. ही प्रतिकृती आता लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहात आहे.

मापाचे गणित

सायबोर्नपुढे आलेली पहिली अडचण आजही प्रत्येक डायोरामाकाराला भेडसावते. त्याने प्रत्यक्षातील एक मैल प्रतिकृतीत नऊ फुटांत बसविला. म्हणजे माप जवळजवळ १/६०० झाले. या मापात माणूस तीन मिलिमीटरही भरत नाही. त्यावर गणवेश रंगविणे अशक्यच. म्हणून त्याने मूर्ती जमिनीच्या मापापेक्षा मोठ्या केल्या आणि त्यांची संख्या घटविली. एक मूर्ती साधारण दोन सैनिकांचे प्रतिनिधित्व करते, ते यामुळेच.

आजचा कलावंत बहुधा उलट मार्ग पत्करतो. संपूर्ण रणांगण न घेता तो त्यातील एक कोपरा निवडतो आणि सर्व वस्तूंना एकच माप लावतो. रणगाडे व दुसऱ्या महायुद्धाच्या दृश्यांसाठी १/३५ हे माप रूढ आहे. या मापात १७० सेंटिमीटर उंचीचा सैनिक सुमारे ४.९ सेंटिमीटरचा होतो. १/७२ मापात तोच २.४ सेंटिमीटरचा भरतो. नेपोलियनच्या काळातील सैनिकांसाठी ५४ मिलिमीटर उंचीच्या मूर्ती लोकप्रिय आहेत. माप ठरले की ते प्रत्येक वस्तूला पाळावे लागते. दोन मिलिमीटरचा वाळूचा खडा १/७२ मापात चौदा सेंटिमीटरचा धोंडा होतो. म्हणून जमिनीसाठी माती वस्त्रगाळ करून घेतात.

महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात उभारल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्यांशी या कलेचे नाते जवळचे आहे. तेथेही तटबंदी, बुरूज, अळिवाची हिरवळ आणि मावळे असतात. फरक एवढाच, की त्या किल्ल्यावर सिंहासनावरील महाराजांची मूर्ती बुरुजाहून मोठी असली तरी कोणाला खटकत नाही. तेथे आकार मानाने ठरतो. डायोरामात तो मोजपट्टीने ठरतो.

चिखल, पीक आणि गणवेश

दृश्याचा पाया प्लायवूडचा असतो. त्यावर थर्माकोल कापून चढउतार घडवितात आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस किंवा कागदाच्या लगद्याचा थर देतात. ओला थर वाळण्यापूर्वीच चाकांच्या चाकोऱ्या, टापांचे ठसे आणि पावलांच्या खुणा उमटवितात. मूर्ती वाळलेल्या जमिनीवर नुसती चिकटविली तर ती तरंगल्यासारखी दिसते. तिच्या वजनाने जमीन दबलेली दिसली पाहिजे.

वॉटर्लूपुरते बोलायचे तर आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. जमीन चिखलाने भरली होती आणि राय नावाचे उंच वाढणारे धान्य शेतांत उभे होते. सकाळी उभे असलेले हे पीक दिवसभराच्या धुमश्चक्रीत तुडविले गेले. तेव्हा सायंकाळचे दृश्य दाखविणाऱ्याने पीक आडवे दाखविले पाहिजे आणि सैनिकांच्या पायांवर चिखलाचे थर दिले पाहिजेत. इम्पीरियल गार्डचे अनेक सैनिक संचलनाच्या झगमगीत पोशाखात नव्हे, तर निळ्या ओव्हरकोटात लढले. चित्रांतील दिमाखदार गणवेश जसाच्या तसा उचलणारा कलावंत येथे हमखास फसतो.

रंगकामाचीही एक रीत आहे. प्रथम अस्तराचा रंग, मग मूळ रंग. त्यानंतर अतिशय पातळ गडद रंगाचा हात दिला की तो कपड्याच्या चुण्यांत उतरतो आणि सावली निर्माण होते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवितात. ही पद्धत लोकप्रिय करण्यात बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांचा मोठा वाटा आहे. लहान वस्तूवर मूळ छटा अधिक गडद भासते, म्हणून रंग मुद्दाम थोडे फिकट ठेवतात.

मांडणीची भाषा

या कलेत कथनाला महत्त्व मिळवून दिले ते शिकागोचे शेपर्ड पेन यांनी. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या विमानांच्या आणि रणगाड्यांच्या संचांसोबत त्यांच्या डायोरामांची माहितीपत्रके येत, आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे डायोरामा उभारणीवरील पुस्तक अनेकांचे पहिले गुरू ठरले. दृश्याला एकच केंद्र असावे, मूर्तींच्या नजरा आणि हालचाली पाहणाऱ्याचे लक्ष तेथे नेतील अशा असाव्यात, रस्ते व भिंती पाटाच्या कडांना समांतर न ठेवता तिरक्या ठेवाव्यात, हे संकेत आज सर्वमान्य आहेत. गर्दीपेक्षा मोकळी जागा अधिक बोलते. धारातीर्थी पडलेल्या सोबत्याकडे पाहणारा एकटा सैनिक जे सांगतो, ते बंदुका रोखलेल्या पन्नास मूर्तींना सांगता येत नाही.

प्रशियन किती?

एवढे सारे साधले तरी मूळ प्रश्न उरतोच. सायबोर्नने सायंकाळी सातचा क्षण निवडला. त्या वेळी ला ए सँत फ्रेंचांच्या हाती गेले होते आणि पूर्वेकडे प्लांसन्वा गावाभोवती ब्लूखरचे प्रशियन सैन्य कित्येक तास झुंजत होते. मिळालेल्या माहितीनुसार सायबोर्नने हजारो प्रशियन मूर्ती मांडण्याचे ठरविले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि त्याच्या निकटवर्तीयांना हे रुचले नाही. प्रशियन सैन्य इतके पुढे आणि इतके मोठे दिसले तर विजयाचे श्रेय विभागले जाणार होते. अखेर त्यांतील बहुसंख्य मूर्ती काढण्यात आल्या. हा बदल दबावापोटी झाला की सायबोर्नच्या प्रामाणिक फेरविचारातून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या खलित्यात वेलिंग्टनने प्रशियनांच्या वेळेवर झालेल्या मदतीचा स्पष्ट उल्लेख केला होता, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कागदावर मान्य केलेली मदत मेजावर उभी राहिली तेव्हा ती जड वाटली.

याचे कारण उघड आहे. खलिता थोडे लोक वाचतात. प्रतिकृती सर्वांना दिसते आणि जे दिसते ते खरे मानण्याकडे मनाचा कल असतो. आज राळेच्या मूर्ती, पितळी पत्र्याचे कोरीव सुटे भाग आणि त्रिमितीय छपाई यांमुळे बारकावे साधणे पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाले आहे. कोटाच्या गुंड्याही मोजून लावता येतात. परंतु गुंड्या अचूक असूनही दृश्य खोटे असू शकते. ज्याच्या पक्षाचा पराभव झाला, ज्याची मदत नाकारली गेली किंवा ज्याचे घर त्या शेताच्या कडेला जळत होते, त्यालाही त्या पाटावर त्याची योग्य जागा मिळाली आहे काय, हे तपासल्यावाचून युद्धाचा डायोरामा पूर्ण होत नाही.