प्रकाशाची वही : रंगमंचीय प्रकाशनियंत्रणाचा एक इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी विज्ञानाचे पहिले धडे घेतले. निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. ती करण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून या सभागृहात प्रकाशनियंत्रणाचा संगणकीय बोर्ड बसला. त्यासाठी रंगमंचामागची खोली रिकामी करताना एका लाकडी पेटीत सरांची निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही सापडली. 1973 च्या स्नेहसंमेलनातील नाटकाची ती प्रकाशवही होती. डाव्या बाजूला पात्राच्या तोंडचे शेवटचे शब्द, आणि उजव्या बाजूला ‘डावा नळ, तिसरी गाठ, सात अंक’ अशा नोंदी. आजच्या विद्यार्थ्यांना त्यांचा काहीच उलगडा होईना. म्हणून आरंभ या नोंदींपासून करतो.

नळ म्हणजे सांडपाण्यासाठी वापरतात तो चिनीमातीचा चकचकीत नळ. त्याचे खालचे तोंड सिमेंटने बंद करून तळाशी शिशाची एक पट्टी ठेवायची, आत मिठाचे पाणी भरायचे आणि वरून दोरीने दुसरी पट्टी सोडायची. दिव्याकडे जाणारा प्रवाह या पाण्यातून जात असे. वरची पट्टी जसजशी खाली उतरे तसतसा पाण्याचा विरोध कमी होई आणि दिवा उजळे. दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकल्या की दिवा पूर्ण तेजाने लागे. दोरीला पाच गाठी मारलेल्या असत. तिसरी गाठ कप्पीपाशी येईपर्यंत, सात अंक मोजत, डाव्या नळाची दोरी सोडावी, असा त्या नोंदीचा अर्थ. तिसऱ्या अंकापर्यंत पाणी उकळू लागे, खारट वाफ विंगेत भरे, आणि त्या पाण्यात 230 व्होल्टची वीज खेळत असे. आम्हां मुलांना तिकडे फिरकायला सक्त मनाई होती, आणि ती योग्यच होती. आज कोणी हा प्रयोग करून पाहू नये.

आपल्या प्रदेशात नाटकाला प्रकाशाची सोय नवी, नाटक मात्र जुने. देवळाच्या प्रांगणात जत्रेच्या रात्री उभे राहणारे नाटक आमच्या लहानपणी गॅसबत्तीवर पहाटेपर्यंत चाले. तिला आपण गॅसबत्ती म्हणतो खरे, पण तिच्यात जळते ते रॉकेल. बत्ती मंद होऊ लागली की कोणीतरी भर प्रवेशात रंगमंचावर येऊन पंप मारून जाई. राजाही तोवर थांबे आणि प्रेक्षकांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. प्रकाश होता, परंतु त्याला नाटकात भूमिका नव्हती. गोवा मुक्तीनंतर गावोगाव वीज पोहोचली, आणि मगच दिवा मंद करून दाखवणे म्हणजे काहीतरी सांगणे आहे, ही जाणीव आमच्या हौशी मंडळींत आली.

ही जाणीव युरोपातील नाट्यगृहांना दीडशे वर्षे आधी झाली, आणि ती खऱ्याखुऱ्या गॅसमुळे. लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांनी 1817 साली रंगमंचावर गॅसचे दिवे आणले. सांगलीस विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा या गोष्टीला पंचवीस वर्षे उलटून गेली होती. गॅसचा खरा विशेष त्याच्या तेजात नव्हता, तर नळीत होता. तेलाचा दिवा जिथे असेल तिथेच कमीजास्त करावा लागतो. गॅसच्या साऱ्या नळ्या एका जागी आणता येतात. विंगेतील एका फळीवर ओळीने तोट्या बसवल्या गेल्या आणि तिथे उभा राहून एकच माणूस पुढची रांग, वरच्या रांगा, बाजूचे दिवे आळीपाळीने चढवू-उतरवू लागला. ज्योत एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही फारकत प्रथम तेथे झाली. आजच्या नियंत्रकाचे मूळ मी या तोट्यांच्या फळीत मानतो.

या सोयीची किंमत भयंकर होती. 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नातील रिंग थिएटरात प्रयोगाच्या आरंभी गॅस पेटवताना आग लागली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. त्याच महिन्याच्या 28 तारखेस लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. प्रेक्षागृहात वीज ऑक्टोबरपासूनच होती. जोसेफ स्वान यांच्या पद्धतीचे सुमारे बाराशे दिवे तेथे होते. मालक डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा कापडात गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला आणि कापड जळत नाही हे दाखवले. व्हिएन्नाची बातमी ताजी असताना त्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. मंद करण्यासाठी विरोधक तारांची वेटोळी होती. तरीही विजेचे स्वागत सर्वांनीच केले असे नाही. हेन्री आयर्विंगसारखा नट-व्यवस्थापक गॅसच्या मऊ, किंचित थरथरत्या प्रकाशालाच धरून राहिला. त्याला जुनाट म्हणणे सोपे आहे. परंतु आपल्या रंगवलेल्या पडद्यांवर कोणता प्रकाश कसा पडतो, हे त्याच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी पाहिले होते.

विरोधक तारेच्या डिमरचा एक दोष येथे नीट सांगितला पाहिजे, कारण पुढे त्याचेच काम पडणार आहे. हा डिमर ठराविक भारासाठी बनवलेला असतो. हजार वॉटच्या डिमरवर पाचशे वॉटचा दिवा लावला तर दांडा शून्याजवळ आणूनही तो पुरता विझत नाही, लालसर धुमसत राहतो. मिठाच्या पाण्याचेही तसेच. मीठ जास्त पडले तर दिवा अंधारत नाही, कमी पडले तर उजळत नाही. म्हणून सर तालमीच्या दिवशी चिमटीचिमटीने मीठ टाकून दिव्याकडे बघत बसत. यंत्राची जुळणी म्हणतात ती हीच.

पुढची पन्नास वर्षे दांडे वाढत गेले आणि ते ओढणारी माणसेही वाढली. प्रवाह प्रत्यक्ष डिमरमधूनच जात असल्यामुळे दांडे डिमरपाशी, आणि डिमर विंगेत किंवा तळघरात. ज्याच्या हाती प्रकाश त्यालाच रंगमंच दिसत नाही, अशी स्थिती. लंडनच्या फ्रेडरिक बेंथम यांनी 1935 साली यावर एक विलक्षण तोड काढली. त्यांनी ऑर्गन वाद्याचा मेज घेतला, त्याच्या पट्ट्या दूरच्या डिमरना जोडल्या आणि प्रकाश बसून ‘वाजवायला’ घेतला. ऑर्गनवादकासारखा चालक समोर पाहू लागला. बेंथम यांची ही कल्पना जगभर रुजली नाही, परंतु मला ती या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते; प्रकाशाला संगीताप्रमाणे त्या क्षणी वाजवण्याची वस्तू मानणारा तो अखेरचा मोठा प्रयत्न होता.

कारण त्यानंतरचा मार्ग वेगळा झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनॉर यांनी 1947 साली इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा डिमर सिद्ध केला. नखाएवढ्या खुंटीने शेकडो वॉटचा प्रवाह हलू लागला, तेव्हा एकाच दिव्यासाठी एकाखाली एक दहा खुंट्या ठेवणे शक्य झाले. पहिल्या ओळीवरचा प्रवेश चालू असताना पुढच्या ओळी आधीच लावून ठेवायच्या आणि वेळ आली की एका ओळीवरून दुसरीवर सरकायचे. तयारी आणि प्रयोग यांची ही फारकत. 1957 साली थायरिस्टर हा अर्धवाहक घटक आला. नळ्यांची जागा त्याने घेतली आणि डिमर लहान, थंड व स्वस्त झाले.

उरली स्मृती. ती चालकाच्या डोक्यात आणि वहीत होती. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये, मुख्यतः दूरचित्रवाणीच्या गरजेतून, दिव्यांच्या पातळ्या स्वतः लक्षात ठेवणारे बोर्ड बनू लागले. ब्रॉडवेवर मात्र 1975 उजाडले. तेथील जुन्या नाट्यगृहांत तोवर एकदिश वीज होती आणि विरोधक तारांचे अवजड दांडे होते. ‘ए कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी थॅरन मसर या प्रकाशयोजनाकार बाईंनी स्मृतीचा बोर्ड आणवला. तो प्रयोग 1990 पर्यंत चालला. एकूण खेळ 6,137. एवढ्या वेळा तीच पातळी, तीच गती, न चुकता. मानवी हाताने हे कधीच जमले नसते, हे मान्य केले पाहिजे.

मग प्रत्येक कारखान्याचा बोर्ड स्वतःची भाषा बोलू लागला. एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या डिमरला उमगेना. 1986 साली अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स-512 हा संकेत ठरवला, आणि आपल्या सभागृहातील नवा बोर्डही तोच बोलतो. एका तारेवरून 512 संख्या एकामागून एक धावतात, प्रत्येक 0 ते 255 यांमधली, आणि ही सगळी रांग सेकंदाला सुमारे 44 वेळा पुन्हा पाठवली जाते. प्रत्येक दिव्याला पत्ता असतो; तो रांगेतली आपल्या क्रमांकाची संख्या उचलतो, बाकीच्या सोडून देतो. निरोप एकाच दिशेने जातो. पलीकडे दिवा आहे की नाही, असल्यास कोणता, हे बोर्डाला ठाऊक नसते. म्हणून बोर्ड लावताना प्रथम पत्ते द्यायचे, मग कोणता पत्ता कोणत्या दांड्यावर येईल हे जुळवायचे, मग पातळ्या ठरवून त्यांची ‘क्यू’ म्हणून नोंद करायची आणि प्रत्येक क्यूला चढण्या-उतरण्याचा काळ द्यायचा. पत्ता, पातळी, काळ. सरांच्या वहीतील नळ, गाठ आणि अंक यांहून हे वेगळे नाही, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात 1973 च्या त्या नाटकातला पहाटेचा प्रवेश त्याच नटांनी, आता सत्तरीला टेकलेल्या, पुन्हा करावा असे ठरले. अकरावीतील एका मुलीने वही पुढ्यात घेऊन बोर्ड लावला. पाच गाठी, म्हणून एक गाठ वीस टक्के, सरळ हिशेब. तालमीत दुसऱ्या गाठीलाच लख्ख सकाळ झाली. रंगमंचावरचा माझा एक वर्गमित्र थांबून म्हणाला, ‘‘अगो बाय, आमची पहाट इतक्या लवकर उजाडत नव्हती!’’

चूक त्या मुलीची नव्हती. वहीत गाठी होत्या, मीठ नव्हते. त्या पाण्यात दुसऱ्या गाठीला दिव्याची तार जेमतेम लाल होत असणार. शिवाय तेव्हाचा दिवा मंद झाला की तांबूस होई, आणि पहाटेचा सारा रंग त्यातूनच फुकट मिळे. नवे एलईडी दिवे कितीही उतरवले तरी आपला रंग सोडत नाहीत. नोंद राहिली, पण ती ज्याची होती ते राहिले नाही. आणि हे केवळ मिठाच्या पाण्याबाबत खरे नाही. क्यूच्या फाइलीत पन्नास हा आकडा असतो. त्या पत्त्यावर तेव्हा कोणता दिवा होता, कुठून, कोणत्या काचेतून, हे वेगळे टिपले नसेल तर त्या फाइलीचे मोलही गाठींच्या वहीइतकेच. कोलकात्यात 1959 साली तापस सेन यांनी ‘सेतू’ नाटकात अंधारातून धावती रेल्वे आणि ‘अंगार’मध्ये खाणीत चढत जाणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले. पाहणाऱ्यांनी ते जन्मभर सांगितले. नाटकाची संहिता राहते, चाली राहतात, छायाचित्रेही राहतात. प्रकाश सांगणाऱ्याच्या तोंडी राहतो.

त्या मुलीने मग वही मिटली आणि आमच्या मित्रांना विचारायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला एकमेकांचे तोंड दिसत होते का? नाही, फक्त पगडीची कड. खिडकी आधी दिसे की पायऱ्या? यावर दोघांचे भांडण झाले, अर्ध्या तासाने मिटले. सात अंक किती सेकंदांचे, हेही कळेना, कारण सर फार सावकाश मोजत. वर्गात हजेरी घेतानाचा त्यांचा स्वर आठवून ते अकरा सेकंद धरले. शेवटी पहिली गाठ 4 टक्क्यांवर आली, दुसरी 9 वर, तिसरी 30 वर, आणि तांबूसपणासाठी दोन दिवे वेगळे लावावे लागले. प्रयोग झाला. या वेळी मात्र त्या मुलीने दिव्यांचा नकाशा, त्यांची अंतरे आणि रंग यांसह सगळे लिहून ग्रंथालयात ठेवले आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर त्या संमेलनाचा जमाखर्च आहे. सुतळी, खिळे, चहा, भाड्याची दाढी, आणि त्याखाली सरांच्या हस्ताक्षरात : ‘आगराचे मीठ, 60 पैसे’. वजन लिहिलेले नाही. त्या वर्षी आपल्या बाजारात मिठाचा भाव काय होता, हे विचारायला मी मागच्या आठवड्यात जुन्या दुकानदारांच्या मुलाकडे गेलो होतो. वडिलांच्या चोपड्या माळ्यावर आहेत, दिवाळीच्या साफसफाईत काढून बघतो, असे तो म्हणाला आहे. वजन कळले तरी ते तीन नळांत कसे वाटले होते, हा प्रश्न उरतोच.